मळीच्या रस्त्याची चौकशी

पंचवटी, नाशिक
४ फेब्रुवारी १९८०

धोंडीराम,

पत्र पाहून दचकशील. सहा वर्षांनी ओव्हरसियरला आपली आठवण कुठून आली, असं मनात येईल. येऊ दे. माझ्याही मनात तुझ्याविषयी पुष्कळ काही येतं आणि मी ते लपवत नाही.

कामाचं सांगतो. इराणात काय गोंधळ चाललाय ते तू रेडिओवर ऐकत असशील. आपला त्याच्याशी संबंध एवढाच, की डांबर पुन्हा मिळेनासं झालंय. चौऱ्याहत्तर साली झालं होतं तेच. जी काय पिंपं येतात ती हमरस्त्याला जातात, तालुक्याच्या रस्त्यांना ठणठणगोपाळ. त्यात आमच्याकडे नवे मोठे साहेब आलेत. त्यांनी जुनी कपाटं उघडली आणि हाती नेमकी आपलीच फाइल लागली. साखर कारखान्याच्या फाट्यावरचा तो फर्लांगभर रस्ता. डांबराचा थेंब न घालता साखर करताना उरणारी चिकट मळी, चुना आणि हिरडा यांच्यावर बांधलेला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "वेणीमाधव, निम्मा रस्ता पहिल्याच पावसात गेला आणि उरलेला निम्मा अजून बैलगाड्या झेलतोय. हे कसं काय?"

मी म्हणालो, फाइलमध्ये लिहिलंय. ते म्हणाले, "फाइलमध्ये 'मिस्त्रीच्या ताब्यातली मळी कमी भरली' एवढंच आहे. ती गेली कुठं?"

आता ते मी कसं सांगणार? सांगणार तू, मिस्त्री तू होतास. हातभट्टीवाल्यांना मळी किती लागते हे निफाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी तुला चोर म्हटलेलं नाही. मळी कमी भरली, असं लिहिलं. त्यावरून खात्यानं तुझी टोळी बंद केली, दहा वर्षांनी तू कायम व्हायचास ते राहिलं, त्याला मी काय करू?

साहेबांना पावसाळ्याआधी मैलभर रस्ता करून पाहायचाय. वजनं माझ्याकडे लिहिलेली आहेत. पण त्याच वजनांनी परवा घरी एका डब्यात मिश्रण करून पाहिलं तर नुसता चिखल झाला. आमच्या मंडळींनी डबा बाहेर फेकून दिला. हिरड्याचं पाणी किती दिवस ठेवायचं, चुना किती मुरवायचा, हे तू दोन बोटांत तार काढून ठरवायचास. मी वही पुढे केली की "होतंय साहेब" म्हणून गप्प. मला तेव्हाच वाटायचं, हा मुद्दाम सांगत नाही. तुझा बाप पुंजाराम विहिरींच्या चुन्याचं काम करायचा आणि ही कृती त्याची, हे ठाऊक आहे मला. म्हणून काय ती कुलूप लावून ठेवायची?

आणखी एक. निफाडचा कुणी कंत्राटदार मळीच्या चौकशा करत फिरतोय असं कानावर आलंय. त्याच्याशी तुझं काही बोलणं झालं असेल तर आत्ताच सांग, नंतर मला कळलं तर बरं होणार नाही. सोमवारी सकाळी दहाला कृती घेऊन ये. टोळी लावणं माझ्या हातात नाही, पण शब्द टाकीन.

वेणीमाधव

ता. क. उत्तर ऑफिसात पाठवू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठव.


पंचवटी
१२ फेब्रुवारी १९८०

धोंडीराम,

सोमवारी साडेबारापर्यंत वाट पाहिली. तू आला नाहीस, तुझं कार्ड आलं. कार्ड! अरे, पंधरा पैशांचं उघडं कार्ड कोण पाठवतं अशा गोष्टीला? पोस्टमननं वाचलं, वडिलांनी वाचलं, श्यामलानं तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्या दिवशी आम्ही बाराच्या बारा हजर होतो. मळी कुठं गेली ते रस्त्याला विचारा. तो तिथंच हाय." वर मला विचारते, "कुठल्या दिवशी हो?" बायको आहे की फौजदार! म्हटलं, असेल कुठलासा.

कुठला ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. सोमवती अमावस्या. रस्त्याचा दुसरा भाग धुम्मस मारून घट्ट करून झाला त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. मी तुम्हा सगळ्यांचा खाडा लावला, आणि दुसऱ्या दिवशी तू टोळीतल्या सगळ्या बायांसमोर माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "हजेरी लावा, आम्ही कामावर होतो." अख्ख्या मुलखात अमावस्येला गवंडी थापीला हात लावत नाही, कुणबी बैल जुंपत नाही, आणि तुझी टोळी तेवढी कामाला आली? कुणाला सांगतोस? मी स्वतः साइटवर होतो. डायरीत तसं लिहिलेलं आहे.

तुझ्या कार्डावरचा शिक्काही मी पाहिला. निफाडचा नाही, नाशिकरोडचा आहे. तिकडे काय काम होतं तुझं? त्या कंत्राटदाराची वखार तिकडेच आहे ना? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. सरळ मनुष्य आपल्या गावच्या पेटीत पत्र टाकतो.

घागरींचं तू काही लिहिलं नाहीस, पण मनात तेच धरून बसला असशील. जूनमध्ये रस्ता विरघळल्यावर वरून चौकशी आली. मला काहीतरी करणं भाग होतं. मळी सापडते का म्हणून बायांची भाकरीची गाठोडी आणि घागरी पाहिल्या, एवढंच. कुणाच्या अंगाला हात लावला नाही. रस्त्यानं बैलगाड्या जात होत्या आणि गाडीवान थांबून बघत राहिले, त्यांना मी थोडंच बोलावलं होतं?

रस्त्याला विचारा म्हणे. ठीक आहे. विचारतो. आणि रस्त्यानं तुझं नाव सांगितलं तर मग माझ्याकडे येऊ नकोस.

वेणीमाधव


पंचवटी
१७ फेब्रुवारी १९८०

धोंडीराम,

काल फाट्यावर जाऊन आलो. आदल्या दिवसापासून ठरवलं होतं. काल ग्रहण, त्यात अमावस्या. रस्त्यावर चिटपाखरू नसणार, आणि मी काय करतोय ते कुणी पाहू नये अशी माझी इच्छा होती. का, ते विचारू नकोस. श्यामला दारात आडवी उभी राहिली, "ग्रहणात बाहेर पडू नका हो." वडील रामकुंडावर स्नानाच्या गर्दीत. पिशवीत छोटी पहार आणि खुरपं घातलं, वर टॉवेल झाकला, आणि यष्टीनं निघालो. गाडीत मी, ड्रायव्हर आणि कंडक्टर. कंडक्टर माझ्या पिशवीकडे सारखा बघत होता.

चांगल्या भागावर पहार मारली तर ठिणगी उडाली. सहा वर्षांत चाकोरी पडली आहे, पण खडी जागची हलली नाही. आपण केलेलं काम आहे हे, धोंडीराम. मला तिथं उकिडवं बसून बराच वेळ नुसता हात फिरवावासा वाटला आणि मी तो फिरवला.

मग वाहून गेलेला भाग. तिथं आता मुरूम टाकलाय. दीड फूट खड्डा खणला. वर सगळं भुसभुशीत. मी मनात म्हटलं, पहा, मळी नाहीच, माझंच खरं. आणि टीचभर आणखी खाली गेलो तर बोटभर जाडीचा काळा थर लागला. ढेकूळ फोडून बाटलीतलं पाणी शिंपडलं तर करपलेल्या काकवीचा वास आला. जिभेला लावून पाहिलं. हसू नकोस. दुसरीकडे दोन खड्डे घेतले, दोन्हीत तेच. सगळी मळी तिथंच आहे. कुणी नेली नाही, विकली नाही. ती पाण्याबरोबर खाली उतरून बसली आणि वरचा चुना एकटा पडला.

तेवढ्यात उजेड पिवळा पडू लागला. ग्रहण लागलं होतं. कुत्री भुंकायची थांबली. मी खड्ड्याशी बसून होतो आणि शेजारच्या द्राक्षबागेतून बायांचं बोलणं ऐकू आलं. मला आधी भास वाटला. मग कुणीतरी खळखळून हसलं. वाकून पाहिलं तर दहाबारा जणी घड तोडत होत्या. गाव दारं लावून बसलेलं आणि या मजेत टोपल्या भरताहेत!

मी कुंपणाशी जाऊन एकीला विचारलं, "बाई, आज अमावस्या, वर ग्रहण, आणि तुम्ही कामाला?"

ती म्हणाली, "आम्ही नाय पाळत आमुशा. छप्पन साली दीक्षा घेतली तवापासनं. आमचा खाडा पुनवेला आस्तो, त्यो बी बुद्धपुनवेला."

मग तिनं वर पाहिलं आणि मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही. ती तुझ्या टोळीतली सगुणाबाई होती, हे दुसरीनं हाक मारली तेव्हा कळलं. ती टोपली उचलून दुसऱ्या ओळीत गेली.

तर तुम्ही खरंच आला होतात त्या दिवशी. मानलं. दहा वर्षं तू माझ्या हाताखाली होतास आणि मला हे ठाऊक नसावं? पण तूही कधी बोलला नाहीस. मग मी काय समजायचं?

आणि समजा आला होतात. मग इतकं पाणी घातलं कुणी? तीन दिवसांच्या कच्च्या रस्त्यावर सकाळी एकदा झारीनं शिंपडायचं आणि ओलं गोणपाट टाकायचं, हे तूच घोकून घ्यायचास बायांकडून. टोळीतल्याच कुणाचा हात सैल सुटला असेल. किंवा खाडा लावल्याच्या रागानं कुणी... पण खाडा मी नंतर लावला. टँकर वगैरे तर कुठूनही येऊ शकतो, कारखान्याचे टँकर त्या रस्त्यानं जातच असतात.

काही सुचत नाही. चौकशी करतो.

वेणीमाधव


पंचवटी
२५ फेब्रुवारी १९८०

धोंडीराम,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली, कारण त्यांत मी पुन्हा डायरीचं लिहिलं होतं.

मी त्या दिवशी साइटवर नव्हतो.

सोमवती म्हणजे आम्हा पुरोहितांच्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी वडील तापानं फणफणलेले. बाहेरगावचे यजमान येऊन बसलेले, दुसरं कुणी नव्हतं. सरकारी नोकर असून मी दिवसभर सोवळं नेसून संकल्प सांगत होतो. रजा मागितली असती तर मिळाली नसती, तेव्हा मागितलीच नाही. डायरीत लिहिलं, "दिवसभर साइटवर हजर." आणि रस्ता वाळू नये म्हणून आदल्या संध्याकाळी टँकरवाल्या यादवच्या हाती चिठ्ठी दिली.

काल त्याच्याकडे जाऊन आलो. निफाडला लेकीकडे असतो, डोळ्याला कमी दिसतं, बाकी ठणठणीत. मी फार आडवळणानं विचारायला लागलो. आपली चौकशी चाललीय असं त्याला वाटू नये म्हणून आधी पेरूंचा भाव वगैरे. म्हातारा म्हणाला, "सायेब, ते मळीच्या रस्त्याचंच इचारताय ना? सरळ इचारा की." आणि सांगून मोकळा झाला:

"तुमचीच चिठ्ठी. उद्या आमुशा, मजूर यायचे नाय, दुपारी येक टँकर रस्त्यावर सोडणे. म्या गेलो तर गोणपाट वलंच. धोंडीराम चुन्याच्या भट्टीवर गेल्याला, बाकीच्या बाया सकाळचं काम उरकून घरी गेलेल्या. राखणीला येक मालनबाई. ती नळीपुढं आडवी आली. म्हणली, सकाळीच शिंपलंय, आता घातलं तर मळी खाली जाईल. म्या म्हणलो, बाई, सायबाची सही हाय. ती म्हणली, मंग सायबाला बोलवा. आता तुम्हाला कुठून बोलवू? तुम्ही रामकुंडावर. मंग म्या तिला बाजूला व्हायला सांगितलं आन् सोडला टँकर. लय रडली हो ती बाई."

सही माझी. तुम्ही येणार नाही हे मी कुणालाही न विचारता ठरवलं, आणि तुम्ही आला होतात. सकाळचं तुमचं पाणी आणि दुपारचं माझं. मळी मी घालवली, धोंडीराम.

आता जे लिहितो ते मी श्यामलालाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू टेबलाशी आलास तेव्हा हजेरीआधी तू एक शब्द बोलला होतास. "साहेब, टँकर..." एवढंच. मी तुला पुढे बोलू दिलं नाही. "आधी खोटं बोलणं बंद कर" म्हणून ओरडलो. मला वाटलं, मी घाटावर होतो हे तुला कळलंय आणि तू ते चारचौघांत काढतोयस. आणि जूनमध्ये रस्ता विरघळला तेव्हा माझ्या मनात टँकर आला होता. एकदाच आला. मी तो बाजूला सारला आणि घागरी तपासायला निघालो. तपासताना मळी सापडावी अशी मी मनातून प्रार्थना करत होतो. एका तरी घागरीत सापडू दे, म्हणजे सुटलो.

आता मला सांग. तुला हे सगळं ठाऊक होतं ना? मालनबाईनं तुला सांगितलं असणारच. मग सहा वर्षं गप्प का बसलास? "रस्त्याला विचारा" लिहिलंस ते मी जाऊन खणावं म्हणूनच. हा सापळा होता का? मार्चअखेर डेप्युटीच्या बढतीची यादी निघते, माझं नाव वर आहे, तेही तुला कुणी सांगितलं असेल. खरं ते लिहून दिलं तर खोटी डायरी उघडी पडते आणि यादीतून नाव जातं. नाही दिलं तर साहेब पुन्हा त्याच वजनांनी रस्ता करतील, तो पुन्हा जाईल, आणि 'मळीनं रस्ता होत नाही' असा शेरा कायमचा बसेल. उसाची मळी, रानातला हिरडा, चुना, सगळं इथं पायाशी असताना आपण परमुलखातल्या डांबराच्या पिंपाची वाट बघत बसणार.

पण खोटं कशाला बोलू, मला रस्त्याची तेवढी काळजी नाही. मला झोप येत नाही ती त्या बाईमुळे. ती आडवी आली होती.

वेणीमाधव


पंचवटी
१० मार्च १९८०

धोंडीराम,

तुमचं इनलँड मिळालं. मी तुम्हाला तुम्ही म्हणतोय हे पाहून गैरसमज करून घेऊ नका. मलाही लिहिताना विचित्र वाटतंय. पण गेल्या आठवड्यात साहेबांनी लिहून घेतलेल्या कागदावर 'श्री. धोंडीराम पुंजाराम पगारे' असं मी पहिल्यांदा सबंध नाव लिहिलं आणि त्यानंतर जुनं येईना.

जबानी तीन तारखेला दिली. चिठ्ठी, घाट, डायरी, सगळं. साहेब वाचत असताना मला वाटलं, हे आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "अहो, आदल्या दिवशी टोळीला एक शब्द विचारायचा होता. उद्या येणार का म्हणून."  

यादीतून नाव गेलं. नामपूरला बदली झाली आहे, महिनाअखेर जायचं. श्यामला तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कांदे तरी स्वस्त मिळतील." फाइलवरचा शेरा साहेबांनी स्वतः खोडला. टोळी लावण्याचा आणि तुम्हाला कायम करण्याचा कागद निघाला आहे.

आता तुमच्या पत्राचं. कृती तुम्ही साहेबांना सांगणार, वाचून बरं वाटलं. नाशिकरोडला तुम्ही थोरल्या मुलीच्या दवाखान्यासाठी गेला होतात, तेही कळलं. कंत्राटदाराचं मी लिहिलं होतं ते चुकीचं होतं. गप्प का बसलात त्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, "तवा बोललो तर खोटा ठरलो, पुन्यांदा कोण बोलतो." 

पण तुमची अट वाचली आणि खरं सांगतो, माझा पारा चढला. "कागद साहेबाला दिला, तोंड आम्हाला द्या. ज्या जागी गाठोडी सोडायला लावली तिथं येऊन बायांसमोर बोला." म्हटलं, हा माणूस आता मला नाक घासायला लावणार. बढती गेली, बदली झाली, आणखी काय घ्यायचं राहिलं? चार दिवस मी पत्राला उत्तर दिलं नाही. मग पाचव्या दिवशी असं ध्यानात आलं, की जे गेलं ते मला खात्याकडून मिळालं होतं, ते खात्यानं परत घेतलं. त्या बायांना मी अजून काहीच दिलेलं नाही.

मालनबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे तुम्ही शेवटच्या ओळीत का लिहिलंत? वर लिहायचं होतं. मी सबंध पत्रभर त्यांच्यासमोर काय बोलायचं ते जुळवत होतो.

त्यांची सून बायडाबाई येणार आहे म्हणता. ठीक आहे. वीस तारखेला, गुरुवारी, सकाळी येतो. कृपा करून कारखान्याच्या माणसांना सांगू नका. ही विनंती आहे, अट नाही. मला अट घालायचा अधिकार नाही, कळतं मला.

वेणीमाधव


पंचवटी
२१ मार्च १९८०

धोंडीराम यांस,

काल आलो होतो. तुम्ही नव्हतात. जे झालं ते तुम्हाला सगुणाबाईंनी सांगितलं असेल, पण माझ्या बाजूनं मी लिहून ठेवतो.

आठ वाजता पोचलो. बाया फाट्यावरच्या बाभळीखाली बसल्या होत्या. अकरा जणी. मी पाठ करून गेलो होतो. "भगिनींनो" असं सुरू करायचं ठरवलं होतं. पाहतो तर उसाच्या गाड्यांची रांग नेहमीसारखीच चाललेली. मी कारखान्याला सांगू नका म्हणालो, पण गाड्या काय थांबणार होत्या? एक गाडीवान थांबला, मग दुसरा थांबला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सगुणाबाई उठल्या. आपलं भाकरीचं गाठोडं माझ्या पायाशी आणून ठेवलं आणि गाठ सोडली. म्हणाल्या, "बघा की सायेब. आज नाय बघायचं?"

कुणी हसलं नाही. भाकरी होती, ठेचा होता, कांदा होता. मी बघत राहिलो. पाठ केलेलं सगळं गेलं. मला रडू आलं, आणि चारचौघांत रडायला मला लाज वाटली, आणि ती लाज वाटल्याची पुन्हा लाज वाटली.  मग सगुणाबाईंनी गाठ मारली आणि गाठोडं उचलून नेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बोला आता, ऊन चढतंय."

मी बोललो. मळी तुम्ही नेली नव्हती. मी घालवली. मला शंका होती तरी मी तुमच्या घागरी तपासल्या. तुम्ही आला होतात आणि मी नव्हतो. एवढंच बोलता आलं. गाडीवानांनी ऐकलं, तेही एका परीनं बरंच झालं, सहा वर्षांपूर्वी त्यांनीच पाहिलं होतं.

"जाऊ द्या सायेब" असं कुणी म्हणालं नाही. मी वाट पाहिली, खोटं का बोलू. बायडाबाई तेवढ्या म्हणाल्या, "सासूबाई मरेस्तोवर तेच सांगायच्या. सायेब त्या दिवशी आला आस्ता तर येका शब्दात काम झालं आस्तं. त्यांना वाटायचं त्या तुम्हाला पटवून देत्या." मी हात जोडले. त्यांनी पदर सावरला आणि धुम्मस उचलली. बाकीच्याही उठल्या. रस्त्याच्या कडेला चुन्याची नवी कुंडी भरलेली दिसली, हिरड्याचा वास येत होता. मैलभर व्हायचंय, पावसाला अडीच महिने आहेत. मी तिथं आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. चांगल्या भागावरून चालत यष्टीपर्यंत आलो.

तुम्ही का आला नाहीत? यष्टीत बसल्यापासून माझ्या मनात तीन कारणं आली आणि तिन्ही वाईट आहेत, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. पण यावेळी माझं मी ठरवणार नाही. म्हणून विचारतोय. चुना मुरत होता म्हणून आला नाहीत, की मला बघायचं नव्हतं? जे असेल ते लिहा. उघड्या कार्डावर लिहिलंत तरी चालेल. नामपूरचा पत्ता कागदाच्या मागे लिहिलाय.

वेणीमाधव